टांझानियात एक वर्ष शिकवताना: स्वयंसेवक शिक्षक स्वतः काय शिकतो?

पांझराकाठ (मूळ लेख)

टांझानियाच्या उत्तरेला, किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, मोशी शहरातून वर चढत जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी जानेवारी ते डिसेंबर असे एक पूर्ण शालेय वर्ष गणित शिकवले. धुळे जिल्ह्यात माध्यमिक शिक्षकाची नोकरी पूर्ण करून निवृत्त झाल्यावर एका स्वयंसेवी संस्थेमार्फत मी तिकडे गेलो होतो. परत आल्यापासून ओळखीतले अनेक जण, विशेषतः नुकतेच बी.एड. झालेले तरुण, त्याबद्दल विचारतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘तिथे राहून तुमच्यात काय फरक पडला?’ हाच असतो. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देणे मला जमत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी होतो तेव्हाची तिथली रचना आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. सरकारी प्राथमिक शाळा सात इयत्तांची आणि माध्यम स्वाहिली. सातवीला राष्ट्रीय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेले मूल माध्यमिक शाळेच्या ‘फॉर्म वन’मध्ये येते. तिथे स्वाहिली भाषेचा तास सोडला, तर गणित, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल हे सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. आरंभी काही आठवडे इंग्रजीचा उजळणी वर्ग घेतात, पण सात वर्षांची सवय काही आठवड्यांत बदलत नाही. ‘फॉर्म टू’च्या शेवटी पुन्हा राष्ट्रीय परीक्षा असते आणि ‘फॉर्म फोर’च्या निकालावर पुढची वाट ठरते. सरकारी शाळांमध्ये ‘फॉर्म फोर’पर्यंतचे शुल्क २०१६ पासून माफ झाले. त्यामुळे ज्या घरांतून पूर्वी कोणी माध्यमिक शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरांतली मुले वर्गात आली. ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र त्या वेगाने ना खोल्या वाढल्या ना शिक्षक, आणि गणित व विज्ञानाच्या शिक्षकांची चणचण तर सगळ्यांत जास्त.

आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या कोणालाही ‘फॉर्म वन’च्या वर्गात बसवले, तर त्याला काही समजावून सांगावे लागणार नाही. भौतिकशास्त्राचा पहिला तास, सर सफाईने बोलत आहेत, शब्द कानांवर पडत आहेत, आपल्याला हे सगळे ठाऊक होते असे आतून वाटते आहे आणि तरीही हात वर करायचे धाडस होत नाही. मी स्वतः त्या वर्गात बसलेला आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे हा धक्का सोळाव्या वर्षी बसतो आणि तिथे तेराव्या-चौदाव्या. माझ्याबरोबर युरोपातून आलेले स्वयंसेवक होते. ते मनापासून काम करत, पण स्वतःचे शिक्षण जन्मभर आईच्या भाषेत झालेले असल्यामुळे मुलांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला त्यांना वेळ लागत असे. भारतातून, त्यातही मराठी माध्यमातून गेलेल्या शिक्षकाजवळ ही एक शिदोरी आधीपासून असते. ती वापरायची मात्र तिथल्या शिक्षकांकडून शिकावी लागते.

आमच्या गणित विभागाचे प्रमुख वयाने माझ्यापेक्षा खूप लहान होते. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून सुरुवातीला मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसून होतो. ‘समजले का?’ असे विचारल्यावर अख्खा वर्ग एका सुरात ‘येस, टीचर’ म्हणतो. ते त्या होकाराला उत्तर मानतच नसत. उदाहरण फळ्यावर लिहिले, की दोन मिनिटे मुलांनी शेजाऱ्याला ते स्वाहिलीत सांगायचे, मग एकाने उठून वर्गाला स्वाहिलीतच सांगायचे आणि त्यानंतरच वहीत इंग्रजीतून मांडणी करायची. परीक्षा इंग्रजीतून असल्यामुळे लेखनात त्यांनी कधीच सूट दिली नाही, पण विचार कोणत्या भाषेत करायचा यावर बंधन घातले नाही. पाठ्यपुस्तके कमी असल्यामुळे फळ्यावरचा मजकूर मुले जशीच्या तशी उतरवतात, आणि सुंदर अक्षरात भरलेली वही म्हणजे समजलेला धडा असा कोणाचाही समज होऊ शकतो. त्या दोन मिनिटांच्या कुजबुजीत कोणाला किती कळले आहे ते उघड होते. तेवढे ऐकता यावे म्हणून मी संध्याकाळी स्वाहिली शिकलो.

एक प्रसंग तपशिलात सांगतो. बस सकाळी आठ वाजता सुटते, अमुक वेगाने जाते, तर किती वाजता पोहोचेल, असे गणित होते. काही मुलांची सारी आकडेमोड बिनचूक आणि उत्तर मात्र बरोबर सहा तासांनी वेगळे. स्वाहिली बोलणारी माणसे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास आणि आपले आठ म्हणजे दुसरा. प्रश्नातले आठ वाजणे मुलांनी घरच्या हिशोबाने घेतले होते, म्हणजे बस भर दुपारी दोनला सुटली होती. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परक्या माणसाला ते गणित चुकलेले दिसेल. विभागप्रमुखांनी अशा उत्तरांपुढे फुली न मारता ‘कोणते घड्याळ?’ एवढेच लिहायला सांगितले आणि मुलांनी स्वतःच दुरुस्ती केली. उत्तर चूक दिसले, की आधी त्यामागची रीत शोधायची, ही सवय माझ्या हाताला तिथे लागली.

दुसरी गोष्ट पाण्याची. किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांतून पाट काढून केळी आणि कॉफीच्या बागा भिजवल्या आहेत. पाटाची देखभाल गावकऱ्यांनी मिळून करायची आणि पाणी पाळीने घ्यायचे. पांझरेच्या काठी फड पद्धतीचे पाटपाणी पाहत मी वाढलो, त्यामुळे ती रीत मला परकी वाटली नाही. गुणोत्तर-प्रमाण शिकवताना पुस्तकातले जलतरण तलाव बाजूला ठेवून आम्ही पाटाच्या पाळ्यांची उदाहरणे घेतली. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठली आणि वरच्या बागेने पाळी लांबवली, तर खालच्या बागेला किती तोटा होतो ते तिने फळ्यावर मांडून दाखवले. नंतर तिला अडवून मधले दोन मुद्दे दुसऱ्या मुलांनी सांगितले. तो तास मला मिळालेल्या सर्वांत चांगल्या तासांपैकी एक होता आणि त्यात माझे बोलणे फार थोडे होते.

आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. ‘वैयक्तिक विकास’ या शब्दांत लोक ज्याला धाडस, आत्मविश्वास, जगाकडे पाहण्याची नवी दृष्टी वगैरे म्हणतात, ते प्रवासानेही येते. शिकवण्यासाठी गेलेल्या माणसात जो बदल टिकतो, तो आपल्यापेक्षा लहान वयाच्या, पण त्या वर्गाला आपल्यापेक्षा चांगले ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली काम केल्यामुळे येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. हल्ली मी शिरपूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गणित घ्यायला जातो. तिथली बरीच मुले घरी पावरी बोलतात. उदाहरण त्यांनी आधी एकमेकांना पावरीत सांगायचे आणि मग मराठीत लिहायचे, हा क्रम मी मोशीहून आणला आहे.

सह्याद्रीवासी

लेख आवडला, पण एक प्रश्न मनातून जात नाही. मी सामाजिक कार्याच्या क्षेत्रात आहे. टांझानियात शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन सरकारी नेमणुकीची वाट पाहत बसलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. विमानाचे भाडे, विमा, निवास, संस्थेचा खर्च हे सगळे धरले, तर तेवढ्या पैशांत स्थानिक शिक्षकाला बऱ्याच काळाचे मानधन देता आले असते. मग भारतातून माणूस नेण्याचे समर्थन कसे करायचे? पाहुण्या शिक्षकाचा विकास झाला, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण त्या मुलांनी शाळेत यायचे ते काही आपल्या विकासासाठी नव्हे.

शिवाय दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांचे काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे भरून अनाथाश्रमात किंवा शाळेत ‘शिकवायला’ नेणाऱ्या सहली आता आपल्याकडेही विकल्या जातात. नव्या माणसाला लळा लावायचा आणि त्याने निघून जायचे, हे त्या मुलांच्या बाबतीत वर्षातून कितीदा घडत असेल याचा विचार करावा.

पांझराकाठ

सह्याद्रीवासी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. सत्राच्या मधेच येऊन मधेच जाणाऱ्या माणसाने वर्ग हातात घेऊच नये. अनाथाश्रमांच्या सहलींविषयी तर माझे मत तुमच्याहून कडक आहे. पाहुण्यांच्या पैशांवर संस्था चालू लागली, की मुलांना घरी, नातेवाइकांकडे परत पाठवण्याची निकड कमी होते. अशा ठिकाणी जाऊ नये आणि कोणाला पाठवूही नये.

पहिला मुद्दा अधिक अवघड आहे. बेरोजगार शिक्षक आहेत हे खरे. पण त्यांत कला शाखेचे पदवीधर बहुसंख्य आहेत, आणि गणित-भौतिकशास्त्राच्या जागांसाठी, त्यातही डोंगराळ किंवा दूरच्या भागात, माणूस मिळणे कठीण जाते. आमच्या शाळेत मी ज्या तुकड्या घेतल्या, त्यांना आदल्या वर्षी बराच काळ गणिताचा शिक्षकच नव्हता. म्हणून माझी कसोटी अशी आहे: स्थानिक शिक्षक मिळत असेल त्या जागेवर स्वयंसेवकाने बसू नये, आणि जिथे बसावे तिथेही जोडीला स्थानिक शिक्षक असलाच पाहिजे, म्हणजे वर्ष संपल्यावर काम त्याच्या हातात राहते. ही अट पाळली जात नसेल, तर ते पैसे मानधनासाठी द्यावेत हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

दारेसलामकर

मी इथे टांझानियात अनेक वर्षे व्यवसायानिमित्त राहतो. येणाऱ्या मंडळींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण त्या माहीत नसल्या की चांगल्या हेतूचे माणूसही अडचणीत येते.

पर्यटक व्हिसावर येऊन शाळेत शिकवणे बेकायदा आहे. पगार घेतला नाही म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. स्वयंसेवकांसाठी ‘क’ वर्गाचा निवास परवाना असतो, आणि त्यासाठी तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेची कागदपत्रे लागतात. ‘आधी या, मग बघू’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. परतताना केनिया किंवा युगांडातून प्रवास होणार असेल, तर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र भारतातल्या विमानतळावर मागतात, आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

रीतिभातींत सर्वांत आधी अभिवादन शिकावे. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचे आणि वडीलधाऱ्याने ‘मराहाबा’ असे उत्तर द्यायचे. हे न करता थेट कामाचे बोलणाऱ्याला लोक उद्धट समजतात, तोंडावर बोलून दाखवत नाहीत इतकेच. शिक्षकाला इथे फार मान आहे. देशाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि आजही लोक त्यांचा उल्लेख ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, असाच करतात. त्यांनी १९६७ साली मांडलेल्या स्वावलंबनाच्या शिक्षणविचाराच्या खुणा शाळांमधून अजून दिसतात: आवार झाडणे, पाणी आणणे, शाळेच्या शेतात काम करणे ही मुलांची रोजची कामे असतात. ती पाहून लगेच बालमजुरीचा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडच्या नयी तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षण या विचारावरच्या, शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातला विचार ओळखीचा वाटेल.

एक गोष्ट मात्र कठीण जाते आणि तिची तयारी मनाशी करूनच यावे. इथल्या शाळांमध्ये छडी कायद्याने अजून चालू आहे. नियमानुसार मुख्याध्यापकाने किंवा त्याने लेखी नेमलेल्या शिक्षकानेच ती वापरायची, चारपेक्षा जास्त फटके द्यायचे नाहीत आणि नोंद ठेवायची. प्रत्यक्षात नियम सगळीकडे पाळला जातोच असे नाही.

मोहोर

छडीच्या मुद्द्यावर पांझराकाठ यांचे उत्तर वाचायला आवडेल. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. अशा वेळी पाहुण्याने गप्प राहायचे का?

पांझराकाठ

मोहोर, मी माझ्या वर्गात छडी वापरणार नाही हे पहिल्या भेटीतच मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगितले होते आणि त्यांनी ते मान्य केले. दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मी भाषण केले नाही. आपल्याकडे कायदा झाल्यावरही किती वर्षे आणि किती शाळांत छडी चालू राहिली, हे मी जवळून पाहिले आहे, तेव्हा तिथल्या शिक्षकांना कमी लेखण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. पण शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला, की मी बोलत असे. गच्च भरलेल्या वर्गात छडीविना शिस्त कशी राखता, असे एका शिक्षिकेने मला विचारले. मग गटनायक नेमण्याची आमची पद्धत तिने तिच्या वर्गात करून पाहिली. त्याहून जास्त काही झाले असा माझा दावा नाही. डोळ्यांसमोर फटके बसत असताना उभे राहणे मात्र मला शेवटपर्यंत जड गेले आणि ते सवयीचे झाले नाही याचे मला समाधान आहे.

जुनी_पत्रे

या चर्चेत थोडी जुनी बाजू मांडते. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाने भारतातून मोठ्या प्रमाणावर शिक्षक नेले होते. माझे वडील त्यांपैकी एक. १९६० च्या दशकात ते तिथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत. तिथेही प्राथमिक शिक्षण अम्हारिकमधून आणि पुढचे इंग्रजीतून होते. त्यांच्या पत्रांवर दोन तारखा असत, एक आपली आणि एक तिथली, कारण इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे आहे आणि आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालते. पत्रांतून प्रयोगशाळेतल्या साहित्याची कमतरता, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते आणि हुशार विद्यार्थ्यांची नावे येत.

वडील स्वयंसेवक नव्हते. करारावर, पगारी नोकरीत होते. मला वाटते, ‘बिनपगारी म्हणून अधिक उदात्त’ या समजुतीकडे आपण जरा सावधपणे पाहावे. पगार घेणाऱ्याच्या वर्गाची तपासणी होते, त्याच्या विद्यार्थ्यांचे निकाल विचारले जातात, रजा मांडावी लागते. स्वयंसेवकाला यातले काहीच कोणी विचारले नाही, तर त्याच्या शिकवण्याचा दर्जा कोण पाहणार? वडिलांच्या स्वभावात जो काटेकोरपणा आम्ही पुढे पाहिला, तो त्या नोकरीतल्या उत्तरदायित्वातून आला होता असे ते स्वतः म्हणत.

पांझराकाठ

फार महत्त्वाचा मुद्दा. आमच्या शाळेत माझे टाचण दर आठवड्याला विभागप्रमुख पाहून सही करत. तशी व्यवस्था नसेल, तर स्वयंसेवकाने ती मागून घ्यावी.

झोंबाहून_परत

मी मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात प्राथमिक शाळांमध्ये काम केले. तिथले चित्र टांझानियाच्या माध्यमिक शाळेपेक्षा पुष्कळ वेगळे आहे. मलावीने १९९४ साली प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले आणि पटावरची संख्या सुमारे १९ लाखांवरून जवळजवळ ३० लाखांवर गेली. त्या लाटेचा ताण शाळा आजही सोसत आहेत. पहिलीच्या वर्गात शंभराहून अधिक मुले, खोली नसेल तर आंब्याच्या झाडाखाली वर्ग, झाडाला टेकवलेला फळा. पावसाळ्यात असा वर्ग भरत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवले ते जानेवारी ते मार्च या महिन्यांनी. आदल्या वर्षीचा मका संपत आलेला असतो, नवा हाताशी आलेला नसतो आणि वर्गातली उपस्थिती खाली येते. ज्या शाळांत सकाळी मका-सोयाबीनची पेज मिळते, तिथे मुले येतात. मी भाषाशिक्षणाच्या मोठमोठ्या कल्पना घेऊन गेले होते. पेजेची चूल वेळेवर पेटावी म्हणून गावातल्या बाया पाळीपाळीने पहाटे सरपण घेऊन येत. शाळेचा दिवस त्यांच्यामुळे उभा राहत असे. त्यानंतर आपल्याकडच्या शालेय पोषण आहाराकडे आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडे मी वेगळ्या आदराने पाहू लागले. सध्या त्यांच्या थकलेल्या मानधनाच्या प्रश्नावर काम करते आहे.

केतकी_वन

मी यंदा बी.एड. पूर्ण केले, विषय भौतिकशास्त्र आणि गणित. हा धागा वाचून जायची इच्छा वाढली आहे आणि भीतीही. घरच्यांना सुरक्षिततेची काळजी आहे. संस्थेची पारख कशी करायची आणि मुलगी म्हणून तिथे माझा काही वेगळा उपयोग होईल का, हे सांगाल का?

दारेसलामकर

केतकी ताई, लहान गावांमध्ये शाळेच्या आवारात किंवा मुख्याध्यापकांच्या ओळखीच्या कुटुंबात राहण्याची सोय झाली, तर काळजीचे कारण बरेच कमी होते. रात्री बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीने एकटीने प्रवास टाळा. उपयोगाचे म्हणाल, तर विज्ञान शिकवणारी स्त्री वर्गासमोर उभी राहणे हीच मुलींसाठी मोठी गोष्ट आहे. बाळंतपणामुळे शाळा सुटलेल्या मुलींना सरकारी शाळांत परत येण्याची मुभा इथे नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. त्यांपैकी कोणी तुमच्या वर्गात असेल, तर बुडालेला अभ्यास भरून काढायला तिला शांतपणे वेळ देणारी शिक्षिका हवी असते.

पांझराकाठ

केतकी ताई, आधी आपल्याकडे निदान एक वर्ष शिकवा, हा माझा पहिला सल्ला. स्वतःच्या वर्गाचा अनुभव नसताना परक्या वर्गात उभे राहणे तुम्हालाही त्रासाचे आणि मुलांनाही नुकसानीचे. संस्थेला विचारायचे प्रश्न असे: ही जागा शाळेने मागितली आहे का, तुमच्या आधी तिथे कोण शिकवत होते आणि तुमच्यानंतर कोण शिकवणार, जोडीचा स्थानिक शिक्षक ठरला आहे का, स्वाहिलीचे वर्ग कोण घेणार, निवास परवान्याची जबाबदारी कोणाची, तुम्ही भरणार असलेल्या पैशांपैकी शाळेपर्यंत किती पोहोचतात. उत्तरे लेखी मागा. त्याच संस्थेमार्फत जाऊन आलेल्या स्वयंसेवकाशी बोलाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलायची संधी मागा. ती नाकारली गेली, तर दुसरी संस्था शोधा.

तिथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. पुढच्या जानेवारीचा विचार असेल, तर पासपोर्ट, पदवीच्या साक्षांकित प्रती आणि परवान्याचा अर्ज यांची तयारी पावसाळ्यापासूनच करावी लागेल. टाचणांचे आणि पाटाच्या उदाहरणांचे माझ्याकडचे कागद हवे असतील तर इथेच कळवा, मी त्यांच्या प्रती पाठवतो.